टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) युजरनेम जुळत नसेल तर आधी नंबर बघा

आपल्या सांगलीत कुठल्याही ऑफिसात दोन-तीन पाटील असतातच, मग लिनक्सच्या एका मशिनवर पाटील, दुसऱ्यावर एसपाटील, तिसऱ्यावर पाटील२ अशी अकाउंटं काढलेली असतात. चालतंय तोवर चालतंय, पण डेटा इकडून तिकडं नेला की 'परमिशन डिनाइड' सुरू. टर्मिनलच्या ओळीच्या सुरुवातीला दिसणाऱ्या प्रॉम्प्टवर एक नाव, होम फोल्डरला दुसरं आणि फाइलीचा मालक तिसराच.

असं झालं की लगेच नाव बदलायच्या मागं लागू नका. फाइल कुणाची हे लिनक्स नावावरनं ठरवतच नाही, नंबरवरनं ठरवतं, त्याला यूआयडी म्हणतात. उबुंटू, डेबियन, फेडोरावर साध्या युजरचे नंबर १००० पासून सुरू होतात, रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य अकाउंटचा, कायम ०. ईटीसी फोल्डरमधली पासडब्ल्यूडी फाइल (/etc/passwd) उघडून बघा, एका ओळीत कोलननं पाडलेले सात रकाने दिसतील, त्यात पहिला लॉगिनचं नाव, तिसरा नंबर, पाचवा पूर्ण नाव आणि सहावा होम फोल्डर. सेटिंगमध्ये जाऊन नाव बदललं तरी टर्मिनलवर जुनंच दिसतंय ही तक्रार इथंच मिटते, कारण सेटिंग फक्त पाचवा रकाना बदलतं.

आता तपासायचं कसं, तर 'हूॲमआय' (whoami) मारा, मग 'आयडी' मारा, नाव आणि नंबर दोन्ही कळतात. 'हूॲमआय'ला रूट आलं तर तुम्ही सुडोच्या (रूटचे अधिकार देणाऱ्या कमांडच्या) शेलमध्ये बसलाय, एक्झिट करून परत बघा. मग जिथं अडलंय त्या फोल्डरात 'एलएस -एल' (फाइलींची यादी) आणि लगेच 'एलएस -एलएन' मारा, दुसरी कमांड नावाऐवजी नुसते नंबर दाखवते आणि खरी गोष्ट तिथंच कळते.

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानातलं सांगतो. जुना पीसी गेला, त्यातली हार्डडिस्क नव्याला लावली, तर सगळ्या हिशोबपट्ट्यांच्या फाइलींवर मालक म्हणून गोदामातल्या पोराचं नाव, आणि दिवाणजींना त्यांचीच पट्टी सेव्ह होईना. संशय पोरावर, त्यानं तर कशाला हातसुद्धा लावला नव्हता! जुन्या मशिनवर दिवाणजी १००१ होते, नव्यावर तो नंबर पोराला मिळाला आणि दिवाणजी झाले १००२, बास. अशा वेळी सुडो लावून 'सीएचओडब्ल्यूएन -आर' (मालक बदलायची कमांड) मारायचं पण त्यात '--फ्रॉम=१००१' घालायचं, पुढं दिवाणजींचं युजरनेम आणि त्या डिस्कवरचं फोल्डर, म्हणजे तेवढ्याच नंबरच्या फाइली बदलतात, बाकीच्यांच्या तशाच राहतात. हे आर कॅपिटल. आणि नुसत्या स्लॅशवर, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या मुळावर, ही कमांड कधीच मारू नका, अख्खी सिस्टिम बसते.

दुसऱ्या मशिनवर एसएसएच करताना (नेटवर्कवरनं त्याच्या टर्मिनलमध्ये शिरताना) पासवर्ड बरोबर असून घेत नसेल तर बऱ्याचदा नावच चुकीचं जातंय. नाव दिलं नाही की एसएसएच इकडचंच नाव तिकडं पाठवतं. तिकडचं नाव, ॲट, मग पत्ता असं पूर्ण लिहा. कॅपिटल-स्मॉलपण बघा, लिनक्सला ते दोन वेगळे युजर वाटतात.

खरंच नाव बदलायचं असेल तर त्या अकाउंटमध्ये बसून बदलू नका, युजर वापरात आहे म्हणून कमांड नकार देते. आधी दुसरं सुडोवालं अकाउंट उघडा, त्यातनं लॉगिन होतंय का बघा, मगच पुढं. 'युजरमॉड -एल' नंतर नवं नाव, मग जुनं, हा क्रम उलटा वाटतो पण तसाच आहे. यानं होम फोल्डर बदलत नाही, त्यासाठी 'युजरमॉड -डी', फोल्डरचा नवा पूर्ण पत्ता, '-एम' आणि नवं नाव. युजरच्या नावाच्या ग्रुपचं नाव बदलायला 'ग्रुपमॉड -एन', परत नवं आधी. पासडब्ल्यूडी फाइल हातानं एडिट करायचं टाळाच, पासवर्ड शॅडो नावाच्या वेगळ्या फाइलीत त्याच नावाखाली असतात, एकीकडं बदललं आणि दुसरीकडं राहिलं की लॉगिनच बंद.

सगळं झाल्यावर नव्या नावानं लॉगिन करून 'क्रॉनटॅब -एल' नक्की मारा, ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी त्यात दिसते. रात्रीचा बॅकअप लावलेला असेल तर त्याची फाइल अजून जुन्या नावानंच असते आणि बॅकअप गपचूप बंद पडलेला असतो. उबुंटूवर ती व्हार, स्पूल, क्रॉन, क्रॉनटॅब्स या वाटेनं सापडते, तिला सुडोनं नवं नाव द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅकअपची तारीख बघा.