जैविक वय मोजताय? रक्त देण्याआधी या चुका टाळा

५५ वर्षांच्या बाईंच्या रक्ताचा रिपोर्ट मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये भरला आणि जैविक वय (शरीर किती झिजलंय त्यावरून काढलेलं वय) ६८ आलं, तर घाबरण्याआधी रिपोर्टमधली एकच ओळ बघावी: आरडीडब्ल्यू, म्हणजे तांबड्या पेशींच्या आकारात किती फरक आहे त्याचं माप. ती १७ च्या आसपास असेल, तर ही जास्तीची तेरा वर्षं म्हातारपणाची नसून लोहाच्या कमतरतेची असण्याचा संभव मोठा.

असे बरेच कॅल्क्युलेटर ‘फेनोएज’ हे सूत्र वापरतात. मॉर्गन लिव्हाइन आणि सहकाऱ्यांनी ते २०१८ मध्ये अमेरिकेतल्या आरोग्य सर्वेक्षणाच्या माहितीवरून मांडलं. त्यात रक्तपेशी मोजणाऱ्या सीबीसी चाचणीतले चार आकडे लागतात (पांढऱ्या पेशी, त्यांतल्या लिम्फोसाइटचं प्रमाण, तांबड्या पेशींचा सरासरी आकार म्हणजे एमसीव्ही, आरडीडब्ल्यू) आणि बायोकेमिस्ट्रीचे पाच (अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, साखर, शरीरातली सूज दाखवणारा सीआरपी, अल्कलाइन फॉस्फेटेज). शिवाय तुमचं खरं वय. यातल्या जवळपास सगळ्या चाचण्या दापोली-देवगडसारख्या तालुक्याच्या गावीही होतात, म्हणून हे सूत्र सगळ्यांच्या आवाक्यातलं आहे. चुकाही म्हणूनच भरपूर होतात.

आरडीडब्ल्यू न बघता निकाल मानणं

ही सगळ्यात महागडी चूक. आरडीडब्ल्यू एका अंकाने वाढला की जैविक वय साडेतीन वर्षांहून जास्त चढतं. लोह कमी पडलं की लहान पेशी तयार होऊ लागतात आणि जुन्या, नेहमीच्या आकाराच्या पेशींत मिसळतात. आरडीडब्ल्यू १३ वरून १६ झाला तर एवढ्यानेच सुमारे ११ वर्षं वाढतात. त्याच वेळी एमसीव्ही खाली येतो आणि तीन-चार वर्षं परत कमी करतो. म्हणजे एकच आजार सूत्राला दोन्हीकडून ओढतो. लोहासोबत बी-१२ ही कमी असेल तर एमसीव्ही अगदी नॉर्मल दिसतो आणि आरडीडब्ल्यू तेवढा चढलेला राहतो. उलट थॅलेसेमिया मायनर हा रक्तातला जन्मजात दोष असलेल्या माणसाचा एमसीव्ही जन्मभर साधारण ६८-७० असतो, आणि सूत्र त्याला सहा वर्षं फुकटात तरुण ठरवतं.

म्हणून आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ बघा, कमतरता असेल तर डॉक्टरांकडून उपचार घ्या. गोळ्या सुरू केल्यावर महिन्याभरात पुन्हा मोजू मात्र नका. तेव्हा नव्या मोठ्या पेशी जुन्या लहान पेशींत मिसळत असतात आणि आरडीडब्ल्यू उलट आणखी वाढतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. चार महिने थांबा.

एककं न बदलणं

आपल्याकडचा रिपोर्ट एका एककात येतो आणि मूळ सूत्राला दुसरं लागतं. अल्ब्युमिन ४.४ ग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर ४४ भरायचं, ४.४ च भरलं तर जवळपास १५ वर्षं वाढतात. क्रिएटिनिनला ८८.४ ने गुणायचं, ०.९ तसंच ठेवलं तर आठ वर्षं कमी होतात. या दोन चुका एकत्र झाल्या की उत्तर पटण्यासारखं दिसतं आणि कुणाला शंकाही येत नाही. साखरेला १८ ने भागायचं. सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असेल तर १० ने भागायचं, नाहीतर सुमारे अडीच वर्षं जास्त येतात. काही कॅल्क्युलेटर हे रूपांतर स्वतः करतात, तेव्हा रकान्याशेजारचं एकक वाचूनच आकडा टाका.

सीआरपी ‘५ पेक्षा कमी’ असा छापून आला तर तो निरुपयोगी. सूत्र त्याचा लॉगॅरिदम घेतं, आणि ०.५ व ५ यांत पुन्हा अडीच वर्षांचा फरक पडतो. हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी असं नाव घेऊन मागा.

जुन्या पिढीत शाळेत घालताना १ जून ही जन्मतारीख सर्रास लावली जायची. तिने फारसं बिघडत नाही, पण त्यातून एक गोष्ट कळते. वय तीन वर्षं चुकलं तर जैविक वयही जवळपास पावणेतीन वर्षांनी सरकतं, कारण उत्तराचा मोठा भाग तुम्हीच टाइप केलेलं वय असतो. त्यामुळे फेनोएजचा नुसता आकडा बघू नका, त्यातून खरं वय वजा करा आणि राहिलेला फरक बघा.

सॅम्पल किती वेळ फिरलं ते न विचारणं

सकाळी सातला वाडीत येऊन रक्त काढलं, मग ते बॅगेतून आणखी चार घरं फिरलं आणि अकराला लॅबमध्ये पोचलं. तोवर साध्या ट्यूबमधल्या पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याहून जास्त. १०० ची साखर ८०-८२ वर येते आणि माणूस बसल्या जागी दोन वर्षं तरुण होतो. साखरेसाठी करड्या टोपणाची ट्यूब वापरतात का, बाकीचं सीरम तासाभरात वेगळं करतात का, हे विचारा. जमलं तर लॅबमध्ये जाऊनच रक्त द्या.

जांभळ्या टोपणाची सीबीसीची ट्यूब रात्रभराच्या गाडीने शहरात जात असेल तर घोटाळा वेगळा. उबेत पेशी फुगतात, एमसीव्ही आणि आरडीडब्ल्यू दोन्ही चढतात. सीबीसी इथेच, त्याच दिवशी करून घ्या.

भातलावणीच्या दिवसांत मोजणं

जून ते सप्टेंबर हा लेप्टो आणि डेंग्यूचा काळ. कुठलाही ताप, पायाची चिघळलेली जखम, सुजलेली हिरडी, एवढंच नव्हे तर चिखलात दिवसभर वाकून केलेली लावणीसुद्धा सीआरपी वाढवू शकते. ताप गेल्यावर किमान तीन-चार आठवडे जाऊ द्या. सीआरपी १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर आला तर तो रिपोर्ट बाजूला ठेवून दोन आठवड्यांनी पुन्हा करा. मे महिन्यात बागेत घाम गाळून, पाणी न पिता गेलात तर अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन दोन्ही वर दिसतात. सरळ नोव्हेंबर-डिसेंबर धरा, आणि दरवर्षी तोच महिना, तीच लॅब.

आदल्या रात्री मटण-मासे भरपेट नकोत, क्रिएटिनिन वाढतं. उपाशीपोटी म्हणजे फक्त पाणी. कोकम सरबत उपासाला चालत असेल, इथे चालत नाही.

डीएनएच्या किटचा दशांश खरा मानणं

स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ मध्ये डीएनएवरच्या ३५३ जागांवरून वय काढणारं घड्याळ मांडलं. पुढे अशी बरीच आली. पण एकाच माणसाचा एकच नमुना दोनदा तपासला तरी नावाजलेल्या घड्याळांत ३ ते ९ वर्षांपर्यंत फरक पडू शकतो, हे २०२२ मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे ‘सहा महिन्यांत १.८ वर्षांनी तरुण झालो’ याला काही अर्थ नाही. ड्युनेडिनपेस हे माप वय देतच नाही, ते वेग देतं: १ म्हणजे वर्षाला एक वर्ष. १.१ आलं म्हणून ५० ला १.१ ने गुणून ५५ काढू नका. अशा किटसाठी थुंकी द्यायची असेल तर आधी अर्धा तास खाणं, चहा, तंबाखू आणि मिश्री बंद.

अंगणात चालायला लावणं

रक्ताच्या जोडीला चाल आणि ताकद मोजावी. त्याला पैसे लागत नाहीत आणि ती फसवतही कमी. पण चिऱ्याच्या शेवाळलेल्या अंगणात कुणीही जपूनच चालणार. शाळेचा सपाट व्हरांडा बघा, ६ मीटर आखा, आधी एक मीटर चालत येऊ द्या आणि रेषा ओलांडून पुढे जाऊ द्या. नेहमीच्या चालीने सहा सेकंदांहून जास्त लागले तर डॉक्टरांना सांगा. हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तरीही. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये दिलेल्या या मर्यादा स्नायूंच्या झिजेसाठी आहेत, त्यांतून ‘वय’ काढत बसू नका. प्लास्टिकची खुर्ची घेतलीत तर पाठ भिंतीला टेकवून ठेवा. ती मागे सरकली की वेळही चुकतो आणि माणूसही पडतो.