नॉर्वेतला 'द ट्विस्ट' बघायचाय? मग असं करा

'द ट्विस्ट' म्हणजे किस्टेफॉस या शिल्प-पार्क आणि म्युझियममधला पूल. ऑस्लोला जाणार असाल तर एक अख्खा दिवस काढून किस्टेफॉसला जाच, गाडीने साधारण तासभर लागतो, येवनाकर गाव. पण आधी वेबसाइटवर तारखा बघून घ्या कारण हे उन्हाळी सीझनमध्येच उघडं असतं, हिवाळ्यात गेलात तर नुसता बर्फ बघून परत.

पूल म्हणजे काय तर नदीवर टाकलेली अॅल्युमिनियमची भलीमोठी पेटी, आणि ती मधेच ९० अंशात पिळलीये, धुतलेली चादर पिळतो ना तशी 😄 डॅनिश आर्किटेक्ट बियार्के इंगल्सच्या 'बिग' (BIG) नावाच्या कंपनीचं डिझाइन, २०१९ ला उघडला. आत आर्ट गॅलरी, त्यामुळे नदी ओलांडता ओलांडताच प्रदर्शन बघून होतं.

माझं ऐका, दक्षिणेकडून शिरा. तिकडची गॅलरी उंच आणि अंधारी, मग मधला पिळाचा भाग येतो जिथे भिंत कुठे संपली नि छत कुठे सुरू झालं तेच कळत नाही (इथे फोटो काढताना मागून येणाऱ्यांकडे पण लक्ष द्या जरा), आणि शेवटी उत्तरेला एकदम मोठ्ठी काच, समोर नदी आणि जुनी लाकडाच्या लगद्याची मिल. उलटं गेलात तर ही मजा आधीच संपते.

जिना उतरून खालचं टॉयलेट पण बघा, खरंच, पुलाचा तळच तिथलं छत आहे.

बाहेरच्या पार्कात आपल्या मुंबईत जन्मलेल्या शिल्पकार अनिश कपूरचं 'एस-कर्व्ह' हे शिल्प आहे, आरशासारखं स्टील, ते चुकवू नका. बूट मात्र चालायचे घाला.