तोर्तांग हिपोन, म्हणजे फिलिपिनो कोळंबी ऑम्लेट: या चुका टाळा

तोर्ता म्हणजे फिलिपिन्समधलं घरगुती ऑम्लेट आणि हिपोन म्हणजे कोळंबी. तिकडे हेच भाजलेल्या वांग्याचं करतात, खेकड्याचं करतात, दुलोंग नावाच्या इवल्याशा पारदर्शक माशांचंही करतात. दुबईला असताना शेजारच्या फिलिपिनो ताईंकडे पहिल्यांदा खाल्लं, मग घरी करायला घेतलं तर दोनदा नुसता लगदा झाला, तेव्हा त्यांनीच समोर उभं राहून करून दाखवलं.

माझी मुख्य चूक होती पाणी. कोळंबी धुऊन तशीच अंड्यात घातली की ती पाणी सोडते आणि तोर्ता पलटताना फुटतोच. साफ केलेली पाव किलो बारीक कोळंबी चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या, मग स्वच्छ फडक्यात दाबून कोरडी करा. ओला जवळा मिळाला तर त्याचाही छान होतो, तिकडे त्याला अलामांग म्हणतात, पण तो मुठीत घेऊन चांगला पिळायचा कारण त्यात पाणी फार.

दुसरं पाणी येतं टोमॅटोतून. तिकडे लसूण, कांदा, टोमॅटो तेलावर परततात त्याला गिसा म्हणतात आणि इथे घाई अजिबात करू नका, टोमॅटो पार गळून चमचा फिरवल्यावर मागे कढईचा तळ कोरडा दिसला पाहिजे. मग कोळंबी टाकून जेमतेम मिनिटभर, रंग बदलायला लागला की गॅस बंद, कारण ती पुढे तव्यावर परत शिजणारच आहे आणि जास्त झाली की रबरासारखी लागते. हे सगळं गार करूनच अंड्यात घाला, गरम घातलं तर अंड्याच्या तिथेच गुठळ्या होतात.

एवढ्याला तीन अंडी आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर बास. तोर्ता सुटेल या भीतीने पीठ वाढवत गेलात तर त्याचं धिरडं होतं. पातिस म्हणजे त्यांचा फिश सॉस घालणार असाल तर मीठ वेगळं घालू नका, तो भयंकर खारट असतो.

तेल थोडं सढळ हाताने, आच मध्यम. एकच मोठा तोर्ता घालायच्या भानगडीत पडू नका, तळहाताएवढे छोटे घाला. कडा तपकिरी झाल्या आणि तवा हलवल्यावर तोर्ता अख्खा सरकला की मगच उलथनं लावा, त्याआधी टोचत बसू नका.

आणि प्लीज हळद, गरम मसाला नको! आपला हात आपोआप मिसळणाच्या डब्याकडे जातो, पण इथे कोळंबीची गोडी आणि मिरपूड एवढंच हवं. फार तर वरून लिंबू पिळा, तिकडे कालामान्सी पिळतात.

सोबत तिकडचं केळ्याचं केचप मिळालं तर जरूर घ्या, मारिया ओरोसा या फिलिपिनो अन्नशास्त्रज्ञ बाईंच्या नावाशी ते जोडलेलं आहे, आंबटगोड लागतं. आणि शिळ्या भाताला भरपूर लसणाची फोडणी द्या, त्याला सिनांगाग म्हणतात, गरम तोर्ता त्या भातावरच ठेवून खायचा.