लिनक्स सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअर पॅकेजच्या याद्या ठेवताय? मग या चुका टाळा

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे यादीत नाही म्हणून मशीनवर नाही, असं धरून चालणं.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतली सुरक्षेची त्रुटी उघड झाली, तेव्हा आमच्याकडे प्रत्येक सर्व्हरची डीपीकेजीने (डेबियन लिनक्समधली पॅकेजची नोंद ठेवणारी आज्ञा) काढलेली यादी तयार होती. मी त्यात शोधलं, एकही ओळ आली नाही, आणि आपल्याला धोका नाही असं वरिष्ठांना कळवून टाकलं. तिसऱ्या दिवशी सहकाऱ्याने मला एका मशीनवर ऑप्ट डिरेक्टरी उघडून दाखवली. कुणीतरी झिप उलगडून बसवलेलं जावा अॅप्लिकेशन, त्याच्या लिब फोल्डरमध्ये लॉगफोरजेचीच जार फाइल (जावा कोडचा गठ्ठा). पॅकेज म्हणून न आलेली वस्तू डीपीकेजीला कुठून कळणार? मग रात्रभर प्रत्येक डिस्कवर फाइल शोधणारं फाइंड चालवलं. तेही पुरलं नाही, कारण दोन ठिकाणी ती जार एका वॉर फाइलच्या (अख्ख्या वेब अॅप्लिकेशनचा गठ्ठा) पोटात होती.

तेव्हापासून प्रत्येक यादीला मी पुरवणी जोडतो: ऑप्ट आणि यूएसआर-लोकलमध्ये काय आहे, पिप, एनपीएम, स्नॅप या इतर इन्स्टॉलरनी काय आलं, कोणत्या कंटेनर इमेज (अॅप्लिकेशन आणि त्याला लागणाऱ्या फाइलींचा तयार संच) चालू आहेत. हे काम कंटाळवाणं आहे, तरी करा.

दुसरी चूक उतावळ्या नवख्यांची. आवृत्तीचा आकडा अर्धाच वाचायचा आणि घाबरायचं. २०१४ साली हार्टब्लीड या त्रुटीची दुरुस्ती ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या १.०.१जी मध्ये आली. पण डेबियनच्या तेव्हाच्या व्हीझी या आवृत्तीने तीच दुरुस्ती आपल्या १.०.१ई मध्ये आणून शेवटी ‘डेब७यू५’ जोडलं. ते शेपूट न पाहता लोक ओपनएसएसएल सोर्स कोडवरून स्वतः कंपाइल करतात. अशी प्रत पुढे कुठल्याच अपडेटच्या वाट्याला येत नाही, यादीतही दिसत नाही. म्हणून आवृत्ती शेपटासकट नोंदवा.

डीपीकेजी -एल (यादी दाखवणारी आज्ञा) मधल्या ‘आरसी’ ओळी मोजू नका; ते पॅकेज काढलेलं असतं, फक्त त्याच्या कॉन्फिग फाइल उरलेल्या असतात. नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) यादीत आला म्हणजे तो चालू झाला असं नाही, चालू कर्नल दाखवणारं यूनेम -आर बघा. आणि जुन्या मशीनची अख्खी यादी नव्यावर ओतू नका. सगळी अवलंबनं (दुसऱ्या पॅकेजला लागतात म्हणून आपोआप आलेली पॅकेजं) हाताने बसवल्यासारखी नोंदली जातात, मग गरज संपलेली पॅकेजं काढणारं ऑटोरिमूव्ह त्यांना हात लावत नाही. फक्त हाताने बसवलेली पॅकेजं दाखवणाऱ्या एपीटी-मार्क शोमॅन्युअलची यादी घ्या.

यादी मी रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) काढून गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) टाकतो, सकाळी फक्त डिफ, म्हणजे कालपासूनचा फरक, वाचतो. मंगळवारी कुणी सर्व्हरवर जीसीसी हा कंपायलर बसवला, तर बुधवारी त्याला कारण विचारता येतं.