सकाळी फक्त ओव्हन लावायचा: भाज्यांच्या बेक टिक्क्यांची आदल्या दिवशीची तयारी

आधीच कबूल करते, पौष्टिक म्हणून मी ओव्हनकडे वळले नाही. सकाळी पावणेसातला धाकटी कडेवर, थोरल्याचा एक मोजा सापडत नाहीये, आणि तव्यावरच्या टिक्क्या उलटायच्या राहून करपतायत, हे आठवडाभर झालं तेव्हा वळले. ट्रे आत सरकवला की मधे एकदा उलटण्यापलीकडे वीस मिनिटं त्याच्याकडे बघावं लागत नाही. मात्र ही वीस मिनिटं आदल्या संध्याकाळी कमवावी लागतात. म्हणून यादीतलं बहुतेक काम संध्याकाळचं आहे. टिक्क्या बोटाएवढ्या लांबट, मऊ, दीड वर्षाच्या लेकराला हातात धरता येतील आणि पहिलीतल्या मुलाच्या डब्यात जातील अशा. खालच्या मापात साधारण वीस होतात.

भाजी आणायच्या आधी ओव्हन बघून घ्या. घरगुती ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) साधारण १२०० ते १५०० वॉटचा असतो, त्याला मोठा १६ अँपियरचा प्लग लागतो. मिक्सरच्या छोट्या प्लगला अडॅप्टर लावून चालवू नका, वायर तापते. विजेची धास्ती असेल तर हिशेब सोपा आहे: १२०० वॉटचा ओव्हन अर्धा तास चालला तरी पाऊण युनिटाच्या आतच राहतो. साधा मायक्रोवेव्ह या कामाचा नाही, तो टिक्की नुसती वाफवतो, कन्व्हेक्शनवाला, म्हणजे पंख्यानं गरम हवा फिरवणारा, चालेल. आणि प्रत्येक ओव्हनचा एक कोपरा जास्त तापट असतो, बहुधा मागचा. तो शोधायला जाळीवर ब्रेडच्या स्लाइस एकाला एक लावून मांडा, १८० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवा आणि कुठल्या आधी तांबूस झाल्या ते बघा. एकदाच करायचं काम आहे. नंतर अर्ध्या वेळानं ट्रे फिरवायचा हे लक्षात राहतं.

कागदाचंही आत्ताच सांगते. किराणा दुकानात ‘बटर पेपर’ या नावाखाली दोन प्रकार मिळतात. एक पोळ्या-सँडविच गुंडाळायचा, त्यावर कधी कधी मेणाचा हात असतो. दुसरा बेकिंगचा, ज्याच्या खोक्यावर किती अंशांपर्यंत चालेल ते छापलेलं असतं. मी पहिल्या वेळी पहिला वापरला. धूर एवढा झाला की शेजारच्या काकू गॅस बंद करायला धावत आल्या. कागद नसेल तर ट्रेला तेलाचं बोट फिरवून वर चमचाभर रवा भुरभुरवा, टिक्की अजिबात चिकटत नाही.

आता बाजार. मध्यम बटाटे तीन, जुने घ्या. नवे बटाटे पाणचट आणि चिकट निघतात. गाजरं दोन. थंडीतली लाल गाजरं गोड खरी, पण पाणी फार सोडतात; बारमाही केशरी गाजर या कामाला बरं. मटार अर्धी वाटी. कोथिंबीर. आणि कोवळा दुधी, अर्धा. दुधी चिरला की आधी एक कच्ची चकती तुम्ही स्वतः जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर सबंध दुधी टाकून द्या, ‘एवढ्याशा कडूनं काय होतंय’ म्हणू नका. तो कडवटपणा विषारी असतो, शिजवून जात नाही, आणि त्यानं मोठ्या माणसालाही उलट्या-जुलाब होऊन दवाखाना गाठावा लागतो. मुलांच्या घासात जाणारा दुधी चाखल्याशिवाय किसायचा नाही, हा आमच्या घरचा नियम सासूबाईंनी घातलाय. ओव्हनबद्दल त्यांची मतं निराळी आहेत, पण या बाबतीत त्या शंभर टक्के बरोबर.

फ्लॉवर किंवा कोबी घालायचा असेल तर कोमट मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, अळ्या वर येतात. बीट घातलं तर दुसऱ्या दिवशी लंगोटात किंवा कमोडमध्ये लाल दिसेल, घाबरून डॉक्टरांना फोन करू नका. मी केला होता.

कोरड्या सामानात जाड पोहे पाऊण वाटी, बेसन तीन चमचे, बारीक रवा घोळवण्यापुरता, हिंग, हळद, जिरेपूड. नाचणीचं पीठ घरात असेल तर बेसनाच्या निम्म्या मापानं घाला. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे खरं, पण चमचा-दीड चमच्यानं मुलाची हाडं लगेच पोलादी होत नाहीत. मी रंगासाठी आणि खमंगपणासाठी घालते.

आता संध्याकाळ, आणि या साऱ्या खटाटोपातलं एकच काम जे टाळून चालत नाही: पाणी काढणं. बेक टिक्की फसली असं जे लोक सांगतात, त्यात दहातल्या आठ वेळा मला पाणीच सापडलंय. तव्यावर आच जोरात असते, कडेनं वाफ उडून जाते, थोडं ओलं मिश्रण खपून जातं. ओव्हनमध्ये तेच पाणी हळूहळू बाहेर येतं, खाली साचतं, आणि टिक्की वरून कोरडी, बुडाला गिजगोळा होते. मग आपण ती आणखी दहा मिनिटं ठेवतो आणि वर कवच होतं. मूल ते चावून थुंकतं, आणि आपण म्हणतो याला भाज्या आवडतच नाहीत.

तेव्हा दुधी आणि गाजर किसणीच्या मधल्या भोकांनी किसा. लांब धागे पडले तर कीस पाटावर घेऊन सुरीनं आडवा चिरा, कारण लांब धागा लहान मुलाच्या घशाशी रेंगाळतो. कीस स्वच्छ धुतलेल्या सुती पंचात घ्या, पुरचुंडी बांधा आणि कपडा पिळतात तसा पिळा. एकदा पिळून दहा मिनिटं चाळणीत ठेवा, परत पिळा. दुसऱ्या पिळण्यातही पाणी निघतं, दर वेळी मला नवल वाटतं. मिठाचं बोट लावलं तर काम लवकर होतं, पण वर्षाच्या आतलं बाळ खाणार असेल तर मीठ न लावता नुसतं जोर लावा. निघालेलं पाणी कणकेत घाला.

बटाटे कुकरमध्ये सालासकट, पाण्यात न बुडवता, चाळणीवर वाफवा. गरम असतानाच सोलून कुस्करा आणि ताटात पसरून वाफ जाऊ द्या. मटार उकडून पूर्ण चेचा. अख्खा वाटाणा दोन वर्षांच्या पोराच्या तोंडात नको. मक्याचे दाणेही भरडून. बेसन कोरडंच मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून घ्या, नाहीतर आत कच्चट राहतं. पोहे न भिजवता मिक्सरमधून जाडसर फिरवा. उरलेसुरलं पाणी ते शोषतात, आणि ब्रेडचा चुरा आणायला पळावं लागत नाही. कांदा घालू नका. खायला छान लागतो, पण रात्रभरात सगळं मिश्रण ओलं करून ठेवतो.

सगळं एकत्र करून दोन मोठे चमचे तेल घालाच. ‘बेक म्हणजे बिनतेलाचं’ या समजुतीनं केलेली टिक्की भुशासारखी लागते आणि कोरडा घास लहानग्यांना गिळवत नाही. गोळा हातात दाबा: भेग न पडता बसला पाहिजे आणि हात फार चिकट व्हायला नको. चिकटला तर चमचाभर पोह्यांची भरड आणखी. शंका असेल तर एकच टिक्की तव्यावर परतून चव बघा. आणि मीठ-मिरची घालायच्या आधी धाकट्यांचा वाटा बाजूला काढा. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ, साखर काही नको, आणि मध तर मुळीच नाही, त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. अंडं, शेंगदाण्याचं कूट, तीळ यातलं काही मुलानं पूर्वी खाल्लेलं नसेल तर ते पहिल्यांदा घरी, दिवसा, थोडंसं देऊन बघा. डब्यातून पहिला प्रयोग नको. वर्गात डबे वाटून खातात, म्हणून दाण्याचं कूट शाळेच्या टिक्कीत मी घालतच नाही.

आकार लांबट आणि चपटा. गोल गोळा दिसतो गोड, पण घशात अडकू शकतो. भाजून झाल्यावर अंगठा आणि तर्जनीत दाबून सहज चेपली तर बाळाला द्यायला हरकत नाही. आणि बसवून द्या, पळता पळता किंवा गाडीत नको.

वळून झाल्या की कागद लावलेल्या ट्रेवर मांडून, वर ताट झाकून फ्रिजमध्ये. निम्म्या महिन्यासाठी ठेवायच्या असतील तर ट्रे तसाच फ्रीझरमध्ये दोन-तीन तास ठेवा आणि कडक झाल्यावरच पिशवीत भरा. आधी भरल्या तर एकच ढेकूळ होतं. पिशवीवर तारीख लिहा. गोठलेल्या टिक्क्या थेट ओव्हनमध्ये जातात, पाचेक मिनिटं जास्त लागतात. एकदा मऊ झालेल्या परत गोठवू नका. ज्यांना वळायचाच कंटाळा आहे त्यांनी रवा, बेसन, दही आणि हाच पिळलेला कीस घालून केकच्या भांड्यात ओतावं, १८० अंशांवर अर्धा-पाऊण तास, आणि वड्या पाडाव्या. सोडा मात्र ओव्हन तापल्यावरच घालायचा, रात्री घातला तर सकाळपर्यंत त्याचा जोर संपतो.

झोपायच्या आधी डबा, झाकण, रबर बघून ठेवा. मुलाला डबा स्वतः उघडता येतो का, हे रविवारी तपासा. आमच्या थोरल्यानं दोन दिवस उपाशी राहून सांगितलं की चटणीच्या छोट्या डबीचं झाकण फिरत नाही.

सकाळी साडेसहाला ओव्हन १९० अंशांवर, दोन्ही कॉइल चालू. तो तापेपर्यंत टिक्क्या रव्यात घोळवा, वरून तेलाचं बोट फिरवा. सहा चाळीसला ट्रे मधल्या खणात. सहा बावन्नला उलटा आणि ट्रे फिरवा. सात-सव्वासातपर्यंत कडा सोनेरी दिसतील. तपकिरी होईपर्यंत थांबू नका, करपलेल्या बटाट्याची चव मुलांना बरोबर कळते. मग जाळीवर काढा, ताटात नको, ताटात बुडाला घाम येतो.

आणि डब्यात भरायची घाई नको. गरम टिक्कीवर झाकण लावलं की झाकणाला वाफ धरते, थेंब खाली पडतात, आणि रात्रभर पिळून काढलेलं पाणी दहा मिनिटांत परत येतं. व्हॅन सात चाळीसला येत असेल तर वीस मिनिटं निवायला पुरतात. खाली टिश्यू किंवा सुती रुमाल घाला. पनीर घातलं असेल आणि उन्हाळा असेल तर तो डबा छोट्या सुट्टीतच संपेल असा द्या. तोंडीलावणं म्हणून घट्ट चक्का चालतो. केचपच्या पुडीत साखर-मीठ किती आहे ते मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं, मी ती मुलांच्या हाती लागू देत नाही, स्वतः मात्र खाते.

दुपारी डबा परत आला की धुवायच्या आधी उघडून बघा. आमच्याकडे गेल्या आठवड्यात तीन टिक्क्या संपल्या होत्या आणि चौथीच्या मधोमध नखानं कोरून कोथिंबिरीचं एक पान काढून झाकणाला चिकटवलेलं होतं. या आठवड्यात कोथिंबीर वाटून घातली आहे.