स्टुटगार्टहून एका दिवसाची पायी सहल : उराखचे धबधबे आणि वरचे कोरडे पठार

जर्मनीतील स्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचे भगिनीशहर आहे आणि नोकरी-शिक्षणानिमित्त तेथे मराठी माणसेही राहतात. मात्र सुटीच्या दिवशी त्यांची पावले बहुधा ब्लॅक फॉरेस्टकडे वळतात. शहराच्या दक्षिणेला असलेली श्वेबिशे आल्ब ही चुनखडीची डोंगररांग त्यामुळे राहून जाते. तिची ओळख करून घ्यायची असेल तर बाड उराख या गावाजवळची, सुमारे दहा किलोमीटरची 'वासरफाल्श्टाईग' ही फेरी निवडावी. तिला रमतगमत चार-पाच तास लागतात.

स्टुटगार्टहून ट्युबिंगेनकडे जाणाऱ्या प्रादेशिक गाडीने मेत्सिंगेनला उतरावे, तेथून एर्म्स नदीच्या खोऱ्यातली छोटी गाडी पकडावी आणि गावाच्या अलीकडेच 'बाड उराख वासरफाल' या थांब्यावर उतरावे. डॉइचलांडतिकीट, म्हणजे देशभरातील स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांचे मासिक तिकीट, या संपूर्ण प्रवासाला चालते. ते नसेल आणि चार-पाच जण बरोबर असतील, तर या राज्यापुरते, एका दिवसाचे बाडेन-व्युर्टेम्बेर्ग तिकीट सर्वांत मिळून घ्यावे. रविवारी जर्मनीतील दुकाने बंद असतात, म्हणून डबा आणि पाणी शनिवारीच तयार ठेवावे. डोंगरावरच्या उपाहारगृहांसाठी थोडी रोकडही खिशात असू द्यावी.

थांब्यापासून ओढ्याच्या कडेने जाणारी सपाट वाट मुख्य धबधब्यापाशी नेते. येथे पाणी ३७ मीटर उंचीवरून सरळ खाली पडते आणि पुढे शेवाळलेल्या उतारावरून पसरत जाते. येथे गर्दी असते, परंतु बहुतेक लोक छायाचित्रे काढून माघारी फिरतात. आपण मात्र शेजारच्या पायऱ्यांनी वर चढावे, कारण सहलीचा खरा गाभा पुढेच आहे. ही चढण दमवणारी आहे, ओल्या दिवसांत निसरडी होते आणि हिवाळ्यात बर्फ धरते, तेव्हा घट्ट पकडीचे बूट हवेतच. बर्फ वितळल्यानंतरचा वसंत ऋतू सर्वांत चांगला, कारण कोरड्या उन्हाळ्यात धार बारीक होते.

कड्यावर, रुत्शेनफेल्सन येथे, खाली दरी आणि समोर होहेनउराख किल्ल्याचे भग्नावशेष दिसतात. या किल्ल्यात कैदेत असलेला कवी निकोडेमुस फ्रिशलिन १५९० मध्ये पळून जाण्याच्या प्रयत्नात कोसळून मरण पावला. समोरचा उतार पाहताना तो प्रयत्न किती निकराचा असेल, हे मनाला लागते.

कड्यामागे पठार सुरू होते आणि तेथे एकही ओढा दिसत नाही. सह्याद्रीचा काळा कातळ पावसाचे पाणी बरेचसे वरूनच वाहू देतो, म्हणून आपले बहुतेक धबधबे पावसाळ्यानंतर आटतात. येथे मात्र पाणी चुनखडीच्या भेगांतून खोल मुरते आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. त्यामुळे खाली खळाळते पाणी आणि वरच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या टंचाई, अशी स्थिती होती. १८७१ मध्ये दरीतले पाणी यंत्राने पंप करून या पठारावर चढवण्यास सुरुवात झाली. हे ठाऊक असले की पठारावरून चालणे कंटाळवाणे वाटत नाही.

उन्हाळ्यात गवतातून चालताना लांब पायजमा घालावा आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का, हे नीट तपासावे. या भागात गोचिडीतून मेंदूज्वर होऊ शकतो आणि त्यावर लस उपलब्ध आहे. वसंतात बीचच्या झाडांखाली लसणाचा वास देणारी रानटी पाने दिसतात, पण त्यांच्यासारखीच विषारी पानेही जवळपास उगवतात, म्हणून खात्रीशिवाय काहीही खुडू नये.

उतरताना ग्युटरस्टाईनचे धबधबे लागतात. ते लहान असले तरी मला मुख्य धबधब्याहून अधिक प्रिय आहेत, कारण येथे शांतपणे वाकून पाहता येते : चुना विरघळलेले पाणी हवेत आल्यावर त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो, चुना शेवाळावर आणि पडलेल्या काटक्यांवर साठतो आणि सच्छिद्र दगड तयार होतो. हा दगड ठिसूळ असतो, म्हणून वाट सोडून त्यावर पाऊल ठेवू नये. येथून पाट्यांच्या खुणेने पुन्हा त्याच थांब्यावर पोहोचता येते. परतीच्या गाडीची वेळ मात्र सकाळीच पाहून ठेवावी.