नव्या सागरी गोगलगाईचे शास्त्रीय वर्णन कसे लिहावे

सांगलीहून आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून आणलेली मूठभर वाळू सूक्ष्मदर्शकाखाली पसरली, की तीत दोन-तीन मिलिमीटरचे शंख दिसू लागतात. त्यांतील एखादा हाताशी असलेल्या पुस्तकांशी जुळला नाही, म्हणून तो नवा ठरत नाही. प्राण्यांच्या अधिकृत नामकरणाची सुरुवात १७५८ पासून धरली जाते, आणि तेव्हापासून त्या गटात दिलेली नावे व मूळ नमुने पडताळण्यात बहुतेक वेळ जातो, तो जाऊ द्यावा.

प्राणी जिवंत मिळाल्यास अल्कोहोलमध्ये ठेवावा, कारण फॉर्मेलिन आम्लधर्मी होऊन कवच विरघळवते. कोरडा शंख लाकडी खणातही ठेवू नये. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफांनी त्यावर पांढरी भुकटी धरते आणि बारीक नक्षी कायमची जाते.

वर्णन करताना शंखाचे टोक वर आणि मुख आपल्याकडे असावे. ‘नाजूक’, ‘सुंदर’ या शब्दांनी वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. उंची, रुंदी, वेढे आणि शेवटच्या वेढ्यावरील कडा मोजून लिहाव्यात. माझ्या मते सर्वाधिक लक्ष टोकावरच्या भ्रूणकवचाकडे, म्हणजे पिल्लावस्थेत बनलेल्या पहिल्या कवचाकडे द्यावे, कारण त्याचे वेढे बारीक आणि अनेक असतील तर डिंभ (अंड्यातून निघालेले पिल्लू) समुद्रात तरंगत, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खात वाढला असावा, आणि मोजके, फुगीर असतील तर तो अंड्यातील बलकावर पोसला असावा, असे अनुमान करता येते. एरवी सारख्या दिसणाऱ्या दोन जाती कित्येकदा इथेच वेगळ्या पडतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी सोन्याचा मुलामा द्यायचा असल्यास तो दुय्यम नमुन्यावर, म्हणजे मुख्य नमुन्याखेरीज त्याच जातीच्या दुसऱ्या शंखावर द्यावा.

मुख्य नमुना, म्हणजे होलोटाइप, एकच असतो. जाती नवी असल्याचे स्पष्ट लिहून, तिला जवळच्या जातींपासून वेगळी करणारी लक्षणे देऊन, होलोटाइप कोणत्या संग्रहात आहे हे नोंदवल्याखेरीज नाव ग्राह्य ठरत नाही. लेख केवळ ऑनलाइन निघणार असेल, तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीतील नोंदणी प्रकाशनाआधी करावी.

होलोटाइप महाविद्यालयाच्या कपाटात ठेवू नये. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीचा नमुना भारतीय प्राणी सर्वेक्षणासारख्या नियुक्त संस्थेकडे जमा करावा लागतो. आणि २०१९ चा कृष्णेचा पूर पाहिलेल्या सांगलीकराला तळमजल्यावरच्या कपाटाचा भरवसा किती, हे वेगळे सांगायला नको.